कर्ण्यावरची शेवटची ओळ

मंडळी, बसून घ्या. मागं भिंतीला टेकून उभे आहात, त्यांनी पुढं या. पुढची घोंगडी रिकामी आहेत. बायकांनी उजव्या हाताला बसावं, दाराजवळ.

माझ्या आधी पाटील बोलले, बापू हवालदार बोलले. बापूंना शेवटी शेवटी बोलवेना, ते खाली बसले. माझं तसं होणार नाही, काळजी करू नका. मंगळवारी दुपारी दस्तगीरभाई गेले, तेव्हापासून मला काहीच होत नाही. मी जेवतोय. शाळा घेतोय. टपालाची थैली उघडून शिक्के मारतोय. काल चौथीच्या मुलांकडून तेवीसचा पाढा म्हणून घेतला आणि एकाची चूकही काढली. रोजचा सोबती गेल्यावर माणसाला काहीतरी व्हायला पाहिजे. मला होत नाही. तेव्हा मी रडून दाखवीन अशी वाट बघू नका. मी फक्त सांगणार आहे.

आज सकाळी तिसऱ्या दिवसाची जियारत झाली. संध्याकाळी सभा घ्यायची ठरलं, तेव्हा सगळे म्हणाले, चावडीपुढं घेऊ, भाईंची दहा वर्षं चावडीच्या माळवदावर गेली. मीच म्हणालो, नको, त्यांच्या दारापुढं घेऊ. अमिनाभाभी इद्दतीत आहेत. चार महिने दहा दिवस त्या या उंबऱ्याबाहेर येणार नाहीत. आणि मला जे बोलायचंय ते त्यांच्या कानावर जायला पाहिजे. भाभी, दार उघडं ठेवलंय ना? पडद्याआड बसा, चालेल. मी मोठ्यानं बोलतो.

कशाबद्दल बोलायचंय तेही आधीच सांगून टाकतो. काल सकाळी मी ओढ्याच्या वाटेनं शाळेत चाललो होतो. बायका धुणं धूत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "दाल्ला गेला, पर डोळ्याला टिपूस न्हाई. पोरगं गेलं तवाबी न्हाई. दगुड हाय बाई, दगुड." मी नाव घेणार नाही. ती इथंच बसली आहे. तिला दोष द्यायला मी उभा नाही. तिनं जे पाहिलं तेच ती बोलली. पण ती अर्धी बातमी आहे. उरलेली अर्धी माझ्याकडं आहे, पाच वर्षं आहे, आणि मी ती दाबून ठेवली. ती द्यायला मी उभा आहे.

उंब्रजहून, कराडहून पाहुणे आलेत. त्यांना आमचा रेडिओ म्हणजे काय ते सांगायला पाहिजे.

माधवनगरच्या गिरणीत आमच्या गावची बरीच माणसं आहेत. लढाई सुरू झाली तशी त्यांनी गावासाठी बॅटरीवर चालणारा एक रेडिओ पाठवला. कडब्यात गुंडाळून, बैलगाडीतून आला. वाचनालयात ठेवला. पण आवाज दाराबाहेर जाईना, आणि गाव तर पार मळ्यापर्यंत पसरलेलं. बॅटरी भरायची तर कराडला न्यायची. ती आठवडाभर पुरवायची म्हणजे संध्याकाळच्या बातम्यांपुरताच रेडिओ लावायचा. मग आम्ही तिघांनी वाटून घेतलं. बापू हवालदारांनी बॅटरी आणि बांबूवरची तार बघायची. मी बातम्या ऐकून वहीत उतरवायच्या. आणि दस्तगीरभाईंनी चावडीच्या माळवदावर चढून पत्र्याच्या कर्ण्यातून त्या गावाला सांगायच्या. कुणी पगारी नव्हतं, कुणी नेमलेलं नव्हतं. पण गाव त्याला 'आपला रेडिओ' म्हणायचं. मुंबईचा तो मुंबईचा. कर्ण्यातला तो आपला.

तिघं म्हणालो, ते चूक आहे. रेडिओची एक तार जमिनीत पुरलेली असते. ती जागा ओली ठेवावी लागते, नाहीतर नुसती खरखर येते. वाचनालय भाईंच्या या घराला लागून. रोज दिवेलागणीच्या आधी एक घागर पाणी त्या जागेवर ओतायचं काम भाभींनी आपणहून घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. गावानं जी काही लढाई ऐकली ती भाभींच्या पाण्यावर ऐकली. त्या चौथ्या. पाटलांनी आत्ता तिघांचीच नावं घेतली, म्हणून सांगितलं.

दस्तगीरभाई आतार. अत्तर, कुंकू, बुक्का, ऊद, सुया-दोरे. उंब्रजचा बाजार, मसूरचा बाजार. आवाज बाजारात कमावलेला. उंची माझ्या खांद्याला लागेल एवढी, आणि आवाज असा की मळ्यातला माणूस मोट थांबवून उभा राहायचा. त्यांना वाचता येत होतं, पण चष्मा लावून शिडी चढायची भीती वाटायची. मग मी वहीतल्या बातम्या दोनदा वाचून दाखवायचो आणि ते पाठ करून वर जायचे. रशियातल्या गावांची नावं ते अशी घ्यायचे की ती गावं मसूरच्या पलीकडंच आहेत असं वाटावं. मी सुधारायचो. ते म्हणायचे, "मास्तर, तिथलं कोन हाय का हितं ऐकायला?"

वर चढल्यावर चार दिशांना चार वेळा सांगायचे. आधी देवळाकडं, मग ओढ्यापलीकडं महारवाड्याकडं, मग मळ्याकडं, आणि शेवटी आपल्या स्वतःच्या आळीकडं. प्रत्येक वेळी तेवढंच, त्याच आवाजात. एकदा कुणीतरी म्हणालं, ओढ्यापलीकडं एवढं घसा ताणून कशाला? भाई म्हणाले, "तिकडचीबी पोरं पलटणीत हायती. गोळी काय आळी इचारून लागती व्हय?" पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

लढाईच्या बातम्या झाल्या की गावच्या. कुणाची शेळी चुकली, देवी टोचायला माणूस कधी येणार, कुणाकडं काय कार्य आहे. त्यात भाई मीठमसाला घालायचे. शेळी काळी असली तर ती 'लय गुनाची' असायची. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. शाळेतही ठाऊक आहे, टपालातही ठाऊक आहे. मला कानामात्रा इकडची तिकडं चालत नाही. मी नियम घातला, जे वहीत नाही ते कर्ण्यात नाही. भाई हसायचे. पण ऐकायचे. शेळीचे गुण बंद झाले.

एका ओळीचं मात्र ते ऐकायला तयार नव्हते. सगळं सांगून झालं की प्रत्येक दिशेला, शेवटी, कर्णा थोडा खाली घेऊन म्हणायचे, "आपल्या गावची पोरं खुशाल हायती."

ही ओळ रेडिओत नव्हती. माझ्या वहीत नव्हती. ती त्यांची स्वतःची. त्या वेळी घरटी एक पोरगा फौजेत होता, त्यांचा स्वतःचा याकूब फौजेत ड्रायव्हर होता. मी विचारलं, भाई, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मुंबईनं सांगितलं? दिल्लीनं सांगितलं? म्हणाले, "कुनी न्हाई. पर वंगाळबी कुनी सांगितलं न्हाई." मी म्हणालो, हा पुरावा नव्हे. बरीच वादावादी झाली. बापू हवालदार मधे पडले. शेवटी भाईंनी माझा मान ठेवला, आणि एका संध्याकाळी ती ओळ गाळली.

ती संध्याकाळ तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. बातम्या झाल्या. चौथ्या दिशेला सांगून भाई शिडी उतरायला लागले, आणि खाली बघतात तो माणसं जमलेली. नुसती वर बघत होती. चुली पेटल्या नाहीत. मी पोस्टात दिवा लावत होतो, तर दारात गऊबाई येऊन बसली होती. तिचा मारुती याकूबच्याच कंपनीत. ती रडत नव्हती. मला म्हणाली, "मास्तर, माजं हाय का दुसऱ्याचं, येवढंच सांगा."

मी सांगितलं, अगं कुणाचंच नाही, काही तार नाही, काही नाही. ती म्हणाली, मग आतार म्हणला का नाही? आता याला मी काय उत्तर देणार होतो? वहीत नव्हतं म्हणून? भाईंना पुन्हा शिडी चढावी लागली. बातम्या नाहीत, काही नाही, ती एकच ओळ चार दिशांना म्हणून ते खाली आले. मग लोक घरी गेले. मी नियमाच्या बाजूनं बरोबर होतो आणि गावाच्या जेवणाची खोटी केली. मला फार शरम वाटली. ते मी भाईंना कधी बोललो नाही, आज बोलतो.

दुसऱ्या दिवसापासून ती ओळ वहीत आली. पण मी मी आहे. मी म्हणालो, वहीत येणार तर खरी होऊन येणार. तार येते ती माझ्याकडं. दिवस मावळेपर्यंत तार आली नाही, तर मी ती ओळ लिहीन. रोज लिहायला लागलो. एकेका दिवसाची खात्री करून, सही केल्यासारखी. ज्या दिवशी तार येईल त्या दिवशी काय करायचं, ते आम्ही ठरवलंच नाही. मी एकदा विषय काढला होता. भाई म्हणाले, नको. मीही मग नको म्हणालो.

तार आली ती या घराची आली.

हरकाऱ्यानं उंब्रजहून दिवस कलता कलता आणून दिली. इंग्रजीत चार ओळी. ब्रह्मदेशाच्या हद्दीवर याकूबचा ट्रक दरीत गेला होता. मी ती वाचली आणि घरात जाऊन कोट घातला, टोपी घातली. कशाला घातली मला माहीत नाही. मग इथं आलो. आता कंदील टांगलाय ना, त्याच्याखाली भाई बसले होते, बुक्क्याच्या पुड्या बांधत. मी वाचून दाखवली. ते म्हणाले, परत वाचा. परत वाचली. मराठीतून सांगितली. त्यांच्या हातात एक पुडी अर्धी बांधून झाली होती. ती त्यांनी पुरी बांधली आणि बाकीच्यांत ठेवली. भाभी आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात ती पाण्याची घागर होती, वाचनालयाकडं निघाल्या होत्या.

मंडळी, आता ऐका. हेच मला सांगायचंय.

गावात आजवर असं सांगतात की दस्तगीर आतारांनी पोराचं दुःख गिळलं आणि गावाला धीर देण्यासाठी आपण होऊन वर जाऊन ती ओळ म्हटली. लढाई संपल्यावर गावानं त्यांना नारळ दिला, फेटा बांधला. त्या दिवशी भाषण कुणी केलं? मी केलं. हेच सांगितलं. पाटील आत्ता तेच बोलले, त्यांचा दोष नाही, त्यांनी माझंच ऐकलंय. ते खोटं आहे. भाईंनी काही ठरवलं नाही. त्यांना काही ठरवता येण्यासारखी त्यांची अवस्थाच नव्हती. त्यांच्या पुढ्यात तार ठेवून, त्यांना पाण्याचा घोटही न विचारता, मी खिशातून वही काढली. आणि विचारलं, "भाई, दिवस मावळायला आला. शेवटची ओळ लिहू का नको?"

मी असं विचारलं. लेकरू गेल्याचं सांगून पाव घटकाही झाली नव्हती.

भाई माझ्याकडं बघत राहिले. ते माझं बोलणं ऐकत होते असं मला वाटत नाही. उत्तर दारातून आलं. भाभी म्हणाल्या, "गऊबाईची सून परवा बाळंत झालीया. लिवा."

हे खरं होतं. दोन दिवस अडली होती पोर. सुईणीनं बजावलं होतं, वाईटवंगाळ काही कानावर घालू नका. आणि तिचा नवरा मारुती त्याच कंपनीत, त्याच रस्त्यावर ट्रक चालवत होता. एकाची तार आली म्हणजे दुसऱ्याची मागोमाग, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. स्वतःचं पोर गेल्याला पाव घटका झालेली नाही, आणि ही बाई दुसरीच्या बाळंतिणीचा विचार करते. ज्याला तुम्ही भाईंचं काळीज म्हणता ते हिचं होतं. मी ते गेली पाच वर्षं तुमच्यापुढं भाईंच्या नावावर खपवलं. भाईंना ते आवडायचं नाही. नारळ घेऊन घरी गेले तेव्हा त्यांनी तो भाभींच्या पुढं ठेवला आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण तेवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. भाभींनी "लिवा" म्हटलं, आणि मी लिहिलं. लिहून झाल्यावर मी निघालो. दारापर्यंत गेलो आणि मला आठवलं की इथून गऊबाईचं घर चार घरं सोडून आहे. मी मागं वळलो आणि म्हणालो, "मग भाभी, आवाज बाहेर जाता कामा नये."

शाळेत पोरांना सांगतो त्या आवाजात सांगितलं. माझा दुसरा आवाज नाहीच. भाभींनी मान हलवली. घागर उचलली. तारेच्या जागेवर पाणी ओतून आल्या.

त्या संध्याकाळी भाई शिडी चढले. मी खाली उभा होतो. देवळाकडं म्हणाले, ओढ्याकडं म्हणाले, मळ्याकडं म्हणाले. चौथी दिशा त्यांच्या घराची. तिकडं तोंड करून म्हणाले, आपल्या गावची पोरं खुशाल हायती. आवाज हलला नाही. उतरल्यावर मला म्हणाले, "बराबर झालं का, मास्तर?" मी म्हणालो, बरोबर झालं.

असं नऊ दिवस.

नऊ दिवस या घरातून आवाज आला नाही. शेजारच्यांनाही कळलं नाही. भाभी रोज पाणी ओतत होत्या. रोज गऊबाईच्या सुनेला शेकायला जात होत्या, तिच्या तान्ह्या पोरीला न्हाऊ घालत होत्या. गऊबाईनं मला मागाहून सांगितलं, ती त्या दिवसांत भाभींना म्हणाली होती की तुझा याकूब आणि माझा मारुती एकदमच येतील बघ, एकाच गाडीनं. भाभी "व्हय" म्हणाल्या आणि पोरीला टॉवेलात गुंडाळलं. गऊबाई हे सांगताना कपाळ बडवून घेत होती. ती आज आपल्यात नाही. मारुती बसलाय इथं, त्याची बायको बसली आहे. मारुती, खाली बघू नकोस. तुझा काय अपराध आहे?

नवव्या दिवशी मारुतीचं पत्र आलं. खुशाल आहे म्हणून. मी ते गऊबाईला दिलं आणि तिथून थेट इथं आलो. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. काम नीट पार पडलं असं वाटत होतं. मी म्हणालो, भाभी, आता सांगायला हरकत नाही. आता रडायलाही हरकत नाही.

भाई त्याच वेळी रडले. माझा हा खांदा धरून रडले, लहान मुलासारखे. भाभी चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. खरंच सांगतो, त्या वाट बघत होत्या, हात मांडीवर ठेवून. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता न्हाई येत, मास्तर."

मग गावाला कळलं. सगळा गाव या दारात आला. बायका गळ्यात पडून रडल्या, आणि या कोरड्या. तेव्हापासून ते बोलणं सुरू झालं. दगुड हाय. पाच वर्षं मी ते ऐकतोय. पाणवठ्यावर ऐकलं, देवळात ऐकलं, पोस्टात पाकीट घ्यायला आलेल्यांकडून ऐकलं. प्रत्येक वेळी मला एक वाक्य बोलायचं होतं. अरे, तिला मी सांगितलं होतं, एवढंच. पाच शब्दांचं काम. पोस्टमास्तरला गाव मान देतं. तो जाईल असं वाटलं असेल. दुसरं काय?

मारुती सुखरूप परत आला. त्याची मुलगी पाच वर्षांची झाली. तेव्हा मास्तरचं बरोबरच होतं, असं कुणी उठून म्हणू नका. मी स्वतःला ते पुष्कळ वेळा सांगून बघितलं आहे. भाभींचं माहेर सांगलीला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या मोटारीत बसवून दिलं असतं तर संध्याकाळी तिथं पोचल्या असत्या. आईच्या कुशीत आठ दिवस हवं तेवढं रडल्या असत्या, गावात कुणाला पत्ता लागला नसता. एवढं साधं. हे मला तेव्हा सुचलं नाही. सहा महिन्यांनी, पोरांचे पाढे घेताना सुचलं. मी तसाच उभा राहिलो, पोरं पुढं म्हणत राहिली.

भाईंनी मला कधी बोल लावला नाही. आम्ही पुढं पाच वर्षं रोज भेटलो. लढाई संपली, स्वराज्य आलं, ते त्यांनी चार दिशांना सांगितलं आणि पाचव्यांदा आकाशाकडं तोंड करून सांगितलं. त्या दिवशी वहीबाहेरचं चाललं, मी काही म्हणालो नाही. एकदाच, गेल्या उन्हाळ्यात, आम्ही दोघं माळवदावर बसलो होतो. खाली भाभी पाणी ओतत होत्या. भाई वाकून बघत होते. मग म्हणाले, "मास्तर, तिला एकडाव रडू द्याया पायजे हुतं."

मी काय बोललो असेन असं तुम्हाला वाटतं? मी वही उघडली आणि त्यांना त्या दिवसाच्या बातम्या वाचून दाखवल्या. दोनदा. नेहमीसारख्या. ते पाठ करायला लागले.

मंगळवारी ते इथंच, घरच्या दुकानात बसल्या बसल्या गेले. छातीत कळ आली एवढंच म्हणाले म्हणे. मी आलो तेव्हा सगळं झालं होतं. भाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढं उभा राहिलो. मला बोलायचं होतं. मी काय बोललो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल मी कसला माणूस आहे. मी म्हणालो, आज बातम्या होणार नाहीत, भाभी, पाणी ओतू नका. तेवढंच मला सुचलं.

गेले तीन दिवस मला जे होतंय, म्हणजे काही होत नाही, ते तुम्हाला सुरुवातीला सांगितलं. आता मला कळतंय की या बाईनं हे पाच वर्षं काढलं. माझे तीनच दिवस झाले. आत कोरडं पडतं. भाकरी गोड लागत नाही, कडूही लागत नाही. आपण जिवंत माणसांत आहोत पण काचेच्या पलीकडं आहोत. हे मी तिला दिलं. दगड ती नव्हे. दगड तिच्या दारावर मी लोटला.

मी भाभींना विचारून बोलत नाही. विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या, मास्तरांचं नाव खराब होईल म्हणाल्या असत्या. म्हणून विचारलं नाही. भाभी, मी माफी मागत नाही. माफी मागितली की तुम्ही लगेच देऊन टाकाल, आणि मी घरी जाऊन झोपेन. तसं नको. फक्त गावाला खरं काय ते कळू द्या. बायांनो, तुम्हाला सांगतो, उद्या ओढ्यावर कुणी पुन्हा ते बोललं तर तिला माझं नाव सांगा. आवाज पोस्टमास्तरनं बंद केला म्हणावं. त्याला विचार जा म्हणावं.

आता उठू या. सगळे उभे राहा. बापू, तुम्ही बसून राहिलात तरी चालेल. टोप्या, फेटे राहू द्यात डोक्यावर, भाईंना उघडं डोकं आवडायचं नाही.

अशा सभेच्या शेवटी दोन मिनिटं शांतता मागायची पद्धत आहे. मी मागतो. पण ती तुमच्याकडं मागतो, या दाराच्या बाहेरच्या माणसांकडं. दाराच्या आत मी ती मागत नाही. भाभी, या घरात गप्प राहा असं तुम्हाला मी एकदा सांगितलं. आता ते मी परत घेतो, सगळ्या गावासमोर घेतो. गऊबाईच्या घरी आता कुणी बाळंतीण नाही. कुणाचं पोर आता लढाईवर नाही. कुणालाही जपायचं राहिलेलं नाही. आम्ही सगळे गप्प उभे आहोत. तुमच्या आवाजाला आज पुष्कळ जागा आहे.

मंडळी, आतून काही ऐकू आलं तर कुणी मान वळवायची नाही, कुणी आत धावायचं नाही, कुणी उगी उगी म्हणायचं नाही. आणि काही ऐकू आलं नाही, तर बाहेर पडताना कुणी कुणाकडं बघायचं नाही. दोन मिनिटं पुरली नाहीत तर आपण चार मिनिटं उभे राहू. रात्रभर लागली तर मी उभा राहीन.

दस्तगीरभाई, सलाम.

भाभी, आम्ही थांबलोय.